सात किलोत एकवीस दिवस

सांगलीहून विमानाने कुठे जायचं म्हटलं की विमानाआधीच दोन-तीन वाहनं बदलावी लागतात. घरातून रिक्षाने स्टँड, एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने स्वारगेट, तिथून पुन्हा रिक्षा करून लोहगावचा विमानतळ. साताऱ्याहून अंतर निम्मं, पण चढ-उतार तेवढेच. बोचकं चढवणारे-उतरवणारे हात मात्र सगळीकडे आपलेच. हातात राहील अशी एकच बॅग घेऊन निघण्याचा खरा फायदा या वाटेवर कळतो. सामानाच्या पट्ट्याजवळ वाचणारा अर्धा तास ही वरकड कमाई.

आकडा आणि माप

देशातल्या बहुतेक विमानांत इकॉनॉमीच्या तिकिटावर हातातल्या बॅगेला ७ किलो चालतात. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे. गुणाकार केला तर जेमतेम ४८ लिटर, तेही बाहेरून, आणि चाकं, दांडा, फुगलेला पुढचा कप्पा हे सगळं त्यातच. म्हणून सॅक ३५ ते ४० लिटरची घ्यायची. ‘पुढे ट्रेकला पण होईल’ म्हणून घेतलेली ५५ लिटरची सॅक अर्धी रिकामी ठेवली तरी उपयोग नाही, कारण तिची पाठ ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच असते आणि आतल्या पट्ट्या काही दुमडत नाहीत.

बॅगेशिवाय खांद्याला एक लहान पर्स, शबनम किंवा लॅपटॉपची पातळ बॅग चालते. ती पुढच्या सीटखाली मावली पाहिजे. परदेशी कंपन्यांत आकडा कुठे ७, कुठे ८, कुठे १० असतो. वाटेत कंपनी बदलणार असेल, तर दोन्हींतला लहान आकडा आपला समजायचा.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एटीआरसारख्या छोट्या विमानात डोक्यावरचा कप्पा अरुंद असतो, त्यामुळे नियमात बसणारी बॅगही दारातच काढून घेऊन विमानाच्या पोटात ठेवू शकतात. म्हणून पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं आणि चष्मा शबनममध्ये ठेवायचे. पॉवर बँक पोटात टाकायला तर मनाईच आहे, आणि ऐनवेळी दारात उभं राहून सॅक उपसत बसलं की मागची सगळी रांग तुमची चड्डी-बनियन बघते.

सॅक की ट्रॉली

वीस इंची ट्रॉली रिकामीच अडीच किलोच्या आसपास भरते. चांगली सॅक एक ते सव्वा किलो. म्हणजे सॅक घेतली की जवळपास दीड किलो सामानाची जागा फुकटात मिळाली. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र हट्ट करू नये. ट्रॉली घ्यावी आणि सामान तेवढं कमी करावं.

सॅक घेताना तीन गोष्टी बघा. एक, ती सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडली पाहिजे. फक्त वरून उघडणाऱ्या सॅकेत तळाचा मोजा काढायचा तर सगळं बर्थवर ओतावं लागतं. दोन, कमरेचा पट्टा. सात किलो खांद्यावर दहा मिनिटं काहीच वाटत नाहीत, पण मिरज जंक्शनच्या पुलावरून दुसऱ्या प्लॅटफॉर्मला जाताना वाटतात. तीन, चेन. दुकानातच सॅकेत वर्तमानपत्राची रद्दी गच्च कोंबून ती लावून बघा. स्वस्त सॅकेची चेन सरळ भागात छान चालते आणि कोपऱ्यावर अडते, आणि सहलीत ती तिथेच उसवते. थोडी अडत असेल तर मेणबत्ती घासली की सुटते.

पावसाचं कव्हर घेतलंत तरी आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान तिच्यात भरा. कव्हर बाहेरून येणारं पाणी अडवतं, पण पाठीवरून ओघळणारं पाणी पट्ट्यांच्या बाजूने आत शिरतं.

वजन कुठून येतं

प्रत्येक वस्तू सुटी मोजा. अंदाजाने उचलून बघण्यात काही अर्थ नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर उत्तम, नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला काटा. पूर्ण भरलेल्या बॅगेसाठी हूकचा काटा मिळतो. माणसांच्या वजनकाट्यावर नुसती बॅग ठेवू नका, कमी वजनाला तो भरवशाचा नसतो. आधी एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा.

तीन आठवड्यांसाठी एका पुरुषाच्या सामानाचा हिशेब साधारण असा निघतो. अंगावरचे कपडे आणि बूट यात धरलेले नाहीत.

सॅक १,१०० ग्रॅम.
कपडे (तीन शर्ट किंवा टी-शर्ट, एक पँट, रात्रीची हाफ पँट, आतल्या कपड्यांचे तीन जोड, मोज्यांचे दोन जोड, पंचा, पातळ फ्लीसचं जाकीट) २,०३० ग्रॅम.
स्लिपर आणि घडीची छत्री ६०० ग्रॅम.
दाढी-आंघोळीचं सामान, औषधं, धुण्याचं सामान ७८० ग्रॅम.
चार्जर, वायरी, १०,००० एमएएचची पॉवर बँक ३९० ग्रॅम.
कागदपत्रं, जादा चष्मा, रिकामी बाटली ३७० ग्रॅम.

बेरीज ५,२७० ग्रॅम. उरले १,७३०. आता दीड किलोच्या आतबाहेरचा लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून पावणेदोन किलो होतात. म्हणजे लॅपटॉप घेतला की विषय संपला, वर २० ग्रॅम जास्तच. काम नसेल तर तो घरी ठेवा.

यात कुठेही ‘असू दे’ नाही. सात किलोचे अकरा किलो होतात ते याच दोन शब्दांनी. चौथा शर्ट असू दे, गरम पाण्याची पिशवी असू दे, जाड टॉवेल असू दे. यावर एकच परीक्षा आहे: ही वस्तू नसली आणि लागली, तर तिथे दुकानात मिळेल का? मिळत असेल तर नेऊ नका. मिळत नसेल (तुमच्या नंबरचा चष्मा, रोजची गोळी, पासपोर्ट) तर न्याच, आणि गोळ्या पाच दिवसांच्या जास्तीच्या. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. डबीत सुट्या ओतलेल्या गोळ्या परदेशात कुणाला समजावून सांगता येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडच्या कंपनीचं नाव तिथल्या औषधवाल्याला ओळखू येईलच असं नाही.

कपडे

जीन्स घालून निघायचं, भरायची नाही. एक जीन्स ६०० ते ८०० ग्रॅम, आणि धुतली की दुसऱ्या रात्रीपर्यंत ओली. तिच्याऐवजी पातळ नायलॉनची पँट सव्वातीनशे ग्रॅममध्ये बसते आणि रात्रीत वाळते. सोलापुरी टॉवेल सुंदर असतो, पण तो ४००-५०० ग्रॅमचा. सव्वाशे ग्रॅमचा पंचा अंग पुसतो, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, बसमध्ये मानेखाली घेता येतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं काम पुढे धुण्यात आहे.

शुद्ध सुती शर्ट अंगाला बरा, पण उशिरा वाळतो. शुद्ध पॉलिस्टर लगेच वाळतं, पण एका दिवसात घामाचा वास धरतं आणि तो साध्या धुण्याने जात नाही. दोन्हींचं मिश्रण असलेलं कापड या कामाला सगळ्यात सोयीचं. सगळे कपडे एकमेकांवर जातील अशा दोनच रंगांचे घ्या. गडद निळा आणि राखाडी असले की डागही दिसत नाहीत. फोटोत तुम्ही एकवीस दिवस सारखेच दिसाल, त्याला इलाज नाही.

साडी नेसणाऱ्यांच्या सामानात वजन साडीपेक्षा परकरात लपलेलं असतं. एक सुती परकर २०० ग्रॅमच्या वर जातो. तीन साड्यांना तीन परकर लागत नाहीत. फिक्या बदामी रंगाचा एकच पातळ परकर सगळ्यांखाली चालतो, दुसरा अंगावर. सिंथेटिक साडी ३५०-४०० ग्रॅमची, रात्रीत वाळते, इस्त्री मागत नाही. काठाची साडी तिथे लग्न असेल तरच, आणि मग दोन साड्या कमी करून. पंजाबी ड्रेस असेल तर एक सलवार, दोन कुर्ते, एक ओढणी असा हिशेब ठेवा. सॅनिटरी पॅड पहिल्या दोन दिवसांपुरते, पुढचे तिथे घ्यायचे.

थंडीचं काय? मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडून जानेवारीत दिल्लीला उतरणाऱ्याला सांगलीची थंडी ही थंडीच नव्हती हे कळतं. पण म्हणून जाड स्वेटर नको. बनियन, त्यावर थर्मल, शर्ट, फ्लीस आणि सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जाकीट. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि दुपारी ऊन आलं की एकेक थर काढता येतो. थर्मलचा जोड ३०० ग्रॅमच्या आसपास. जाकीट अंगात घालूनच विमानात बसा.

बूट एकच, पायात. बॅगेत रबरी स्लिपर, तेही तळवे एकमेकांना लावून, एका जुन्या पिशवीत. नवे बूट घेतले असतील तर निघण्याआधी दोन आठवडे घालून फिरा. जादा बूट नेण्यापेक्षा पायाला आधी सवय लावणं हलकं.

धुणं

सगळं यावर उभं आहे. चार दिवसांचे कपडे आणि साबण एवढ्यावर एकवीस काय, साठ दिवसही निघतात. आणि बहुतेकांचा बेत बिघडतो तोही इथेच.

सामान: कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी, तीन मीटर नायलॉनची दोरी, चार सेफ्टी पिना. दोरी दुहेरी करून पीळ द्या. कपड्याचं टोक पिळात खोचलं की चिमटे लागत नाहीत.

एका वेळी सगळं धुवायचं नाही. रोज संध्याकाळी आल्या आल्या त्या दिवसाचे कपडे तेवढे धुवा, भिजण्याचा वेळ सोडला तर पाच-दहा मिनिटांचं काम. अर्धी बादली पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि साबण फक्त कॉलर, काखा आणि बाहीच्या कडेला लावा. सगळीकडे साबण फासला की तो निघत नाही. वाळल्यावर कापड कडक होतं, मान खाजते. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा.

पिळून झालं की लगेच दोरीवर टाकू नका. कोरडा पंचा पलंगावर पसरा, त्यावर शर्ट सपाट ठेवा, दोन्ही मिळून घट्ट सुरळी करा आणि त्या सुरळीवर गुडघा टेकवून अर्धा मिनिट भार द्या. हाताने पिळून न निघालेलं पाणी पंच्यात उतरतं. पंचा पिळून पुन्हा तेच करा. यातच वाळण्याचा वेळ निम्म्यावर येतो.

मग कपडा उलटा करून टांगा, म्हणजे शिवणी आणि खिसे बाहेर येतात. दोरीवर दुमडून टाकलेला कपडा दुमडीत ओला राहतो. खांद्यातून, हँगरला, पंख्याखाली टांगला तर हवा आतून फिरते. बाथरूममध्ये काहीच वाळत नाही, तिथली हवाच ओली असते. एसीच्या खोलीत उलट चांगलं वाळतं, कारण एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो.

सकाळी कपडा हाताला कोरडा लागला म्हणून घडी घालू नका. कमरेची पट्टी, खिशाचं अस्तर आणि काखेची शिवण गालाला लावून बघा. गार लागलं तर तिथे पाणी आहे. एवढी एक ओली शिवण सॅकेत दिवसभर कोंडली की संध्याकाळपर्यंत सगळ्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि मग सगळंच पुन्हा धुवावं लागतं. निघायची घाई असेल तर ओला कपडा पिशवीत कोंबण्याऐवजी सॅकेच्या बाहेरच्या जाळीत ठेवा.

निघण्याआधी घरी एकदा तालीम करा. रात्री नऊला प्रत्येक कपडा धुवून पंखा न लावता टांगा, सकाळी सहाला बघा. जो वाळला नाही तो यादीतून गेला. पावसाळ्यात केरळ किंवा कोकणात जायचं असेल तर सुती काही नेऊच नका. जुलैत महाबळेश्वरला दोन दिवस राहिलेल्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

तेल, पेस्ट आणि बाकी पातळ

आंतरराष्ट्रीय विमानात पातळ पदार्थांची एकेक बाटली १०० मिलीपर्यंतच, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. माप बाटलीचं धरतात. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल असलं तरी ती जाते. टूथपेस्ट, क्रीम, जेल हे पातळच समजतात. खोबरेल तेल थंडीत गोठलं म्हणून त्याला घन पदार्थाची सवलत मिळत नाही.

आपल्याकडे यावर एक छान सोय आहे: शाम्पूची पुडी. दहा पुड्या घेतल्या की तीन आठवड्यांचा शाम्पू झाला, बाटलीचं वजन नाही, सांडण्याची भीती नाही. साबण अर्धा कापून न्या आणि ओला असताना डबीत बंद करू नका, लगदा होतो.

बाटलीच न्यायची तर वर थोडी जागा ठेवा, दाबून आतली हवा काढा आणि मग झाकण लावा. विमानात आतला दाब डोंगरमाथ्यावर असतो तसा कमी होतो. बाटलीत कोंडलेली हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. भडंगाची पिशवी वर गेल्यावर टम्म फुगते, ते याच कारणाने.

घरून येणारा खाऊ

बॅग आदल्या रात्री नऊला सहा किलोंवर बंद झालेली असते. दहाला आत्या येतात. सातारचे कंदी पेढे एक किलो, शेंगदाण्याची चटणी, आणि ‘जाताय तर तिथल्या भाचीला’ म्हणून भडंग. नाही म्हणायची सोय नाही, म्हणून या पाहुण्यांची जागा आधीच ठरवून ठेवा: ५०० ग्रॅम, त्याच्यावर नाही. आणि सगळ्यांना आठ दिवस आधीच सांगा.

पाव किलो भडंग वजनाला काहीच नाही, पण दोन-अडीच लिटर जागा खातं. पेढे जागा कमी घेतात, वजन जास्त, आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वास धरतात. लाल तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही, मिरचीचं तेलकट लोणचंही नाही. चटणी आणि मेतकुटाचं काय होईल हे तपासणीला बसलेल्या माणसावर आहे, म्हणून जे गेलं तर हळहळ वाटेल ते या बॅगेत ठेवूच नका. परदेशाचं आणखी कडक. ब्रिटन आणि युरोपीय संघ बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. कंदी पेढा म्हणजे खवाच, तेव्हा तो तिकडे नेऊच नये. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू उतरल्यावरच्या फॉर्मवर लिहून दाखवावी लागते. लपवली तर दंड होतो.

विजेचं सामान

पॉवर बँकेचा नियम वॅट-अवरमध्ये आहे: १०० पर्यंत विनापरवानगी, १०० ते १६० कंपनीची परवानगी घेऊन, त्यापुढे बंद. एमएएचला ३.७ ने गुणून १,००० ने भागलं की वॅट-अवर मिळतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४, चालते. पण तिचं वजन ३५० ग्रॅमच्या वर, आणि गावोगाव प्लग मिळत असताना १०,००० ची पुरते. अंगावरचा आकडा पुसट झालेली पॉवर बँक नेऊ नका, वाचता आली नाही तर ती काढून घेतात. दोन तोंडांचा एकच चार्जर घ्या.

भरायचं कसं

जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यावर. तळाला रात्रीचे कपडे, वर छत्री आणि जाकीट. शर्टांच्या सुरळ्या करा, पँट सपाट ठेवा. हवा काढून चपटं करणाऱ्या पिशव्यांच्या नादी लागू नका. त्या जागा वाचवतात, वजन नाही. जागा दिसली की माणूस आणखी भरतो, आणि परतीला हॉटेलात ती हवा काढायला पंप कुठून आणणार?

बॅग रेल्वेतही उशाशी राहते, म्हणून पाव किलोची साखळी आणि कुलूप घरीच ठेवता येतात.

काउंटरवर काटा ७.४ दाखवू लागला तर घाबरू नका. बाजूला होऊन जाकीट अंगात घाला, पॉवर बँक आणि चार्जर त्याच्या खिशात टाका. पाऊण किलो तिथेच कमी होतं. पुढे तपासणीला ते खिसे पुन्हा ट्रेमध्ये रिकामे करावे लागतात, एवढंच.

परतीचं

जाताना बॅग ६.३ किलोंच्या वर जाऊ देऊ नका, कारण येताना ती हलकी होत नाही. शेवटच्या रात्री काही धुवू नका. अर्धवट ओले कपडे अर्धा किलो सहज वाढवतात. जड काही घेतलंत, पितळी समई किंवा पुस्तकं, तर तिथल्याच पोस्टातून घरच्या पत्त्यावर पार्सल करा. आणि दक्षिणेत देवदर्शन केलं असेल तर प्रसादाचा अख्खा नारळ हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. काही हंगामांत शबरीमलाच्या यात्रेकरूंना ठरावीक तारखेपर्यंत सूट दिली गेली आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. तो तिथेच फोडा, अर्धा वाटा, अर्धा खा.